पाहुण्यासमोर खोकायचं नसतं

डोंगरवस्तीच्या लोकांना एक खोड होती आणि ती त्यांच्या जिवावर उठायची तेवढी बाकी होती. पाहुण्यासमोर आपलं दुखणं काढायचं नाही. दारात परकं माणूस आलं आणि त्याने "कसं काय, बरं आहे ना" विचारलं, की उत्तर एकच, "सगळं बरं आहे." मग पाय मोडून पडलेला असो की अंग तापाने फणफणत असो. आलेला माणूस दुरून आलाय, दमलाय, त्याच्या डोक्याला आणखी आपला ताप कशाला, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच, कोण नाही म्हणतं? दुखणं सांगायचं ते घरच्या माणसाला, आतल्या खोलीत, चुलीपाशी बसून. तिथे मात्र असं सविस्तर सांगायचं की ऐकणाऱ्याला पळता भुई थोडी व्हावी.

पेटीवालीला हे ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. ती याच वस्तीत जन्मली आणि चार घरं सोडून याच वस्तीत नांदायला गेली. पंधरा वर्षं पत्र्याची पेटी खांद्याला अडकवून ती घरोघर फिरत होती. पेटीत तापाच्या गोळ्या, मलमपट्ट्या, जंताचं औषध आणि ताप मोजायची नळी. वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्माला आली होती. सगळे तिला पेटीवालीच म्हणत, आणि तिचं खरं नाव विचारलं तर नवऱ्यालासुद्धा कागद बघून सांगावं लागेल, अशी तिची थट्टा करत.

आठ महिन्यांपूर्वी समोरच्या डोंगरात खाण सुरू झाली होती. वस्तीला खेटून रस्ता कापला आणि त्यावरून दिवसभर डंपर धडधडायला लागले. वाळत घातलेले कपडे काढावेत तर लाल, पाण्याच्या हंड्यावरचं झाकण उचलावं तर लाल, पोरांची नाकं पुसावीत तर फडकंसुद्धा लाल. आता कंपनीला दगड फोडायचा क्रशर बसवायचा होता आणि त्यासाठी तिचा डोळा होता वस्तीच्या डोक्यावरच्या सपाटीवर. तिथून उडालेली धूळ खाली यायला वाऱ्याचीही गरज नव्हती.

पण मधे कायदा आडवा येत होता. हे लोक या डोंगरावरचे मूळचे, नकाशे काढणारे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. त्यामुळे आधी त्यांच्या तब्येतीची पाहणी करायची, मग त्यांच्यासमोर सुनावणी घ्यायची आणि मगच परवानगी मिळायची. लोक ठणठणीत निघाले तर क्रशर सपाटीवर. लोकांच्या छातीला आधीच त्रास असेल तर क्रशर डोंगरापलीकडे न्यायचा आणि रस्त्याच्या धुळीचाही बंदोबस्त करायचा. डोंगरापलीकडे न्यायचं म्हटलं की कंपनीच्या पोटात दुखायचं.

पाहणीला घरोघर फिरणारं माणूस लागतं. कंपनीच्या डॉक्टरने पेटीवालीला बोलावलं, दोन दिवस शिकवलं आणि अंगात घालायला पिवळं बिनबाह्यांचं जाकीट दिलं. पाठीवर कंपनीची खूण. काम नीट केलंस तर कायमची घेऊ, असंही सांगितलं. "ताई, एकच लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाला. "उत्तर येईल तसं लिहायचं. आपलं डोकं चालवायचं नाही." अकरा पानांचा फॉर्म होता. पहिल्या पानावर एकच प्रश्न, तुम्हाला श्वासाचा किंवा छातीचा काही त्रास आहे का? 'हो' आलं तर पुढची दहा पानं भरायची आणि त्या माणसाला फुंकायच्या यंत्रात फुंकायला लावायचं. 'नाही' आलं तर बाकीची पानं कोरी ठेवून खाली सही करायची.

पेटीवाली एकशे बारा घरं फिरली. एकशे बारा घरांत तिला दारातच बसायला दिलं, पाणी दिलं, आणि "सगळं बरं आहे" म्हटलं. आता इथे तिच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. जी शेजारीण आदल्याच आठवड्यात खोकल्याचं औषध मागायला मागच्या दाराने आली होती, तीच आता पुढच्या दारात हसून "नाही गं बाई, काही त्रास नाही" म्हणत होती. पेटीवालीला खटकलं, अगदी चांगलंच खटकलं. पण डोकं चालवायचं नाही असं डॉक्टरने सांगितलेलं, आणि कायमच्या नोकरीचा मोहही होताच, खोटं कशाला बोला. तिने 'नाही' वर खूण केली.

शेवटचं घर तिचं स्वतःचं. तिची सासू, म्हणजे सगळ्या वस्तीची थोरली, दारात धान्य निवडत बसली होती. थोरलीपुढे वस्तीतल्या कोणाचं काही चालत नसे.

"आई, छातीचा काही त्रास?" पेटीवालीने उभ्याउभ्याच विचारलं.

थोरलीने आधी जाकिटाकडे बघितलं, मग फॉर्मकडे. "काही नाही. सगळं बरं आहे. पाणी घेणार?"

स्वतःच्या घरात स्वतःच्या सुनेला पाणी विचारते म्हणजे काय? पेटीवालीला हसू आलं. म्हातारी थट्टा करतेय असं तिला वाटलं. तिने खूण केली, सही केली, जाकीट खुंटीला लावलं आणि चूल पेटवायला आत गेली. फुंकायचं यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं होतं. ती पिशवी एकदाही फाडावी लागली नव्हती.

महिन्याभराने अहवाल छापून आला. डॉक्टरने कौतुकाने एक प्रत तिच्या हातात ठेवली आणि अक्षर सुरेख आहे म्हणाला. ती वाटेतच दगडावर बसून वाचायला लागली. 'वस्तीत श्वसनाचा एकही रुग्ण नाही. सपाटीवर क्रशर बसवण्यास आरोग्याच्या दृष्टीने हरकत नाही. माहिती संकलन:' आणि पुढे तिचं नाव, तेच ते, कागद बघून सांगावं लागणारं. मागच्या घरात कोणीतरी खोकत होतं, थांबत होतं आणि परत खोकत होतं. आपण हे काय करून बसलो, असं तिला झालं. तिला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ती तशीच उलट पावली डॉक्टरच्या ऑफिसात गेली. ऑफिस म्हणजे पत्र्याचा डबा, आत थंड हवेचं यंत्र.

"डॉक्टर, हे चुकलंय. सगळे खोकतात."

"फॉर्मवर तर नाही म्हणालेत."

"आमच्यात पाहुण्याला दुखणं सांगत नाहीत."

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, पण शेपटीवर पाय पडला की वाईट-चांगलं सगळं सारखंच. "ताई, तुम्ही वस्तीतल्याच. तुम्हाला कोण पाहुणं समजेल? आणि प्रत्येक फॉर्मवर तुमची सही आहे. आता मी वर काय सांगू, लोक सभ्य आहेत म्हणून आजारी आहेत?"

"तसंच सांगा."

"माझ्याकडे कागद आहे," डॉक्टर म्हणाला. "परवा सुनावणी आहे. लोकांना तिथे येऊन सांगू द्या. मी अडवणार नाही."

तिने दोन दिवस घरोघर हात जोडले. सुनावणीत उठा आणि सांगा. लोक ऐकून घेत, मान हलवत आणि शेवटी म्हणत, "भर सभेत? परक्यांसमोर? काहीतरीच तुझं." तिने रागावून बघितलं, रडून बघितलं. तिच्या नवऱ्याने, तो सुतार होता आणि दिवसाकाठी मोजून चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक खर्च करून "आईला विचार" म्हटलं. तिने थोरलीला विचारलं. आई, तुम्ही बोललात तर सगळे बोलतील, नाहीतर क्रशर आपल्या डोक्यावर बसतो. थोरलीने मान हलवली. "माझ्या सासूने मरतानासुद्धा वैद्याला 'बरी आहे' म्हटलं होतं," ती म्हणाली. "मी परक्या माणसापुढे छाती पिटत बसू? माझ्या हयातीत नाही." आणि उठून बाहेर गेली. पेटीवालीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सुनावणी शाळेच्या मोठ्या खोलीत होती. पुढे टेबल, टेबलामागे सरकारी अधिकारी बाई आणि त्यांचा टायपिस्ट. एका बाजूला खुर्च्यांवर कंपनीचा मोठा साहेब आणि डॉक्टर. समोर सतरंज्यांवर सगळी वस्ती. बाईंनी सुरुवातीलाच नियम सांगितला. इथे जो जे बोलेल ते शब्दन् शब्द टाइप होणार, ते वाचून दाखवलं जाणार, आणि शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत सुनावणी बंद होणार नाही. बाई कडक दिसत होत्या आणि त्यांना कंटाळाही आलेला दिसत होता.

डॉक्टरने अहवाल वाचला. तो "श्वसनाच्या तक्रारी, शून्य" असं वाचत होता, तेव्हा पेटीवाली लोकांकडे बघत होती. अख्खी खोली खोकला गिळत होती. कोणी तोंडात फडकं कोंबलेलं, कोणाचा चेहरा लालबुंद, कोणाच्या डोळ्यांत पाणी. एका म्हाताऱ्याचे खांदे गदागदा हलत होते, पण तोंडातून हूं की चूं नाही. पाहुणे बसलेत ना समोर. इतका शहाणपणा पाहून माणसाने भिंतीवर डोकं आपटावं.

पेटीवाली उठली. तिने अंगातल्या पिवळ्या जाकिटाची बटणं काढली, जाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हा अहवाल मी भरलाय आणि हा खोटा आहे."

बाईंनी मान वर केली. "लोकांनी 'हो' सांगितलं आणि तुम्ही 'नाही' लिहिलंत?"

"नाही. ते 'नाही'च म्हणाले."

"मग खोटं काय?"

तिने सांगायचा प्रयत्न केला, पण टायपिस्टची बोटं सुरू झाली आणि तिचे शब्द अडखळले. बाईंनी सरळ खोलीलाच विचारलं, "इथे कोणाला छातीचा त्रास आहे का?" कोणीच हललं नाही. मागून कोणीतरी आदबीने म्हणालं, "सगळं बरं आहे, बाई." नोकरी तर गेलीच होती, आता वस्तीही जाणार होती.

साहेबाने ओळखलं की बाजी आपलीच आहे. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. पण साहेबाला लोकांची मनंही जिंकायची होती. तो उठला, दोन्ही हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाला, "मंडळी, तुम्ही आम्हाला परकं समजता, याचं वाईट वाटतं. आम्ही दोन दिवसांचे पाहुणे नाही. खाण तीस वर्षं चालणार आहे. आम्ही इथेच राहणार. आम्हाला घरचंच माणूस समजा."

पहिल्या रांगेत थोरलीची मान हळूच वर झाली.

"किती वर्षं म्हणालात?"

"तीस, आजी."

"आणि मधे जाणार नाही?"

"मुळीच नाही. आम्ही तुमचेच."

"हे लिहिलं का गं?" थोरलीने टायपिस्टकडे बोट करून अधिकारी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, लिहिलं. थोरली सुनेकडे वळली. "ऐकलंस? पाहुणा नाही म्हणतोय. पाहुणा तर परत जातो. हा काही जात नाही." मग साहेबाला म्हणाली, "घरचा आहेस ना? मग ती खुर्ची कशाला हवी बाबा? घरचं माणूस खाली बसतं. ये, इथे ये माझ्यासमोर."

खोलीत खसखस पिकली. साहेबाने बाईंकडे बघितलं. बाई कागदांत बघत होत्या. स्वतःच्या तोंडाने घरचा झालेला माणूस, आता नाही कसं म्हणणार? तो घट्ट पँट सावरत सतरंजीवर टेकला, गुडघे कानाशी आले.

"आता ऐक," थोरली म्हणाली, आणि खोकली.

सकाळपासून दाबून धरलेला खोकला होता तो. तो सुरू झाला आणि थांबायलाच तयार नव्हता. तिने पोटाशी हात धरला, वाकली, पुन्हा खोकली. तिच्या मागचा म्हातारा खोकला. त्याच्या मागच्या दोघी खोकल्या, पोरं खोकली, दाराशी उभे असलेले पुरुष खोकले. आठ महिन्यांचा खोकला एकदम बाहेर पडला. टायपिस्टने हात वर घेतले, कारण हे टाइप कसं करायचं हे त्यालाही कळेना. डॉक्टर आपल्याच अहवालाकडे बघत बसला होता. पेटीवाली उभीच होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

खोकला ओसरल्यावर थोरली म्हणाली, "रात्री मी बसून झोपते, आडवी झाले की दम कोंडतो. चढ चढताना पूर्वी गाणं म्हणायचे, आता चार पावलांवर थांबते. हे पहिलं. पुढचं सांगू का इतरांना सांगू देऊ?"

मग जे सुरू झालं ते कोणाला आवरण्यासारखं नव्हतं. घरचा माणूस समोर बसलाय म्हटल्यावर लोक कशाला राखून ठेवतील? प्रत्येकजण साहेबासमोर येऊन बसे आणि चुलीपाशी सांगावं तसं सांगे. बाळाची धाप, बापाचा दमा, डोळ्यांची आग, पाण्याला येणारी चव. साहेब उठायला लागला की थोरली त्याच्या बाहीला धरून खाली बसवी. "बस रे. घरात दुखणं असताना उठून जातं का कोणी?" एकदा तो चिडून म्हणाला, "हे सगळं ठरवून केलेलं नाटक आहे."

"हे वाक्यही घ्यायचं का रेकॉर्डवर?" बाईंनी थंडपणे विचारलं.

सकाळी सुरू झालेली सुनावणी दिवे लागायच्या वेळेला संपली. बाईंनी निकाल वाचला. अहवाल रद्द. क्रशरची परवानगी रोखली. वस्तीची पाहणी पहिल्या घरापासून पुन्हा होणार, या वेळी सरकारी डॉक्टर करणार, प्रत्येक माणसाला यंत्रात फुंकायला लावणार आणि अकराही पानं भरणार. तोवर डंपर वस्तीच्या रस्त्याने जाणार नाहीत. "आणि फॉर्म भरायला यांनाच घ्या," बाईंनी पेटीवालीकडे बघून सांगितलं. "जाकीट न घालता." दाराशी डॉक्टरने पेटीवालीला गाठलं आणि यंत्राची पिशवी तिच्या हातात दिली. "ही मीच आधी फाडायला हवी होती," तो म्हणाला. तिने पिशवी घेतली.

चार दिवसांनी पाहणी सुरू झाली. सरकारी डॉक्टरीण ओट्यावर यंत्र मांडत होती. पेटीवालीने पहिलं घर आपलंच घेतलं. ती घरच्या कपड्यांत आत गेली, चुलीपाशी थोरलीसमोर मांडी घालून बसली आणि फॉर्म मांडीवर ठेवला.

"आई, श्वासाचा किंवा छातीचा काही त्रास?"

"आहे. पेनात शाई आहे ना पुरेशी?"

दोघीही हसल्या. पेटीवाली पानं उलटत गेली. खोकला कधी येतो, धाप कधी लागते, झोप किती. थोरली पटापट सांगत होती. पाचव्या पानावर पेटीवालीने वाचलं, "थुंकीतून रक्त पडतं का?"

थोरलीने चुलीत एक लाकूड पुढे सारलं. "लिही. पडतं."

पेन थांबलं. "कधीपासून?"

"तू त्या दिवशी विचारायला आलीस ना, त्याच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाहीत मला? मी तुमची सून ना?"

"पिवळं घालून, उभ्याउभ्या, दारात विचारलंस," थोरली म्हणाली. "त्या दिवशी तू त्यांच्याकडून आलेली पाहुणी होतीस. म्हणून तर पाणी विचारलं. आणि नंतर चुलीपाशी बसून तू विचारलंच नाहीस." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पेटीवालीला बरं वाटलं असतं. तिने फॉर्म बाजूला ठेवला आणि सासूच्या मांडीवर डोकं टेकून ती ओक्साबोक्शी रडली. एवढे दिवस हे माणूस तिच्याच छपराखाली राहत होतं आणि ती घरोघर अक्षर सुरेख काढत फिरत होती.

थोरलीने तिला रडू दिलं. मग तिच्या पाठीवर थाप मारली. "पुरे आता. कागद भिजला तर तो साहेब म्हणेल खाडाखोड केली. किती पानं राहिली?"

"सहा."

"भर. मला तिथे ओट्यावर फुंकायचंय. बघू तर खरं, त्या यंत्रात किती दम आहे ते."

सहा पानं भरून झाली. थोरलीने यंत्रात फुंकलं, मग अर्धा तास खोकली, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेली मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी नीट घडी करून कमरेला खोचली. उद्या सकाळी तिथे जायचं ठरलं, सुतार मुलगा बरोबर जाणार होता. तरी ती काठी घेऊन उठलीच. सून नको म्हणत असताना ती तिच्याबरोबर शेजारच्या घरापाशी आली.

शेजारीण दारातच उभी होती. फॉर्म दिसल्याबरोबर सवयीने तिच्या तोंडून निघालं, "सगळं ब..."

थोरलीने तिच्याकडे नुसतं बघितलं.

शेजारीण दारातून बाजूला झाली. "आत या," ती म्हणाली. "बसूनच सांगावं लागेल."